डाव्या हाताची काठी

गळाची काठी घ्यायची असेल तर आधी ती वाकवून पाहावी. जमिनीला टेकवून नाही, हवेत. मूठ आपल्या हातात धरायची, शेंडा दुसऱ्या कोणाला हळूच खाली ओढायला सांगायचा, आणि मुठीत काय कळतं ते बघायचं. शेंड्यावर चिमणी बसली तरी हाताला कळलं पाहिजे. हे मला आता माहीत आहे. कामाचं होतं तेव्हा माहीत नव्हतं.

पोळा होऊन गेला. गावात बैलजोड्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या आहेत, पण पोळा झाला की पूर्णेचं पाणी अजूनही निवळतं. पावसाळाभर चहासारखी वाहणारी नदी उघडीप पडली की शांत होते, माती खाली बसते, आणि आमच्या वावराच्या खालच्या डोहात काठाजवळचा तळ दिसू लागतो. बेशरमीची जांभळी फुलं पाण्यावर ओणवी होतात. मूग घरात आलेला असतो, सोयाबीनच्या शेंगा भरत असतात, माणसाला चार दिवस जरा बसायला मिळतं. दुपारच्या वेळी डोहातून मधेच आवाज येतो. गुपकन. मरळ हवा खायला वर येते आणि परत खाली जाते. मासा असून तिला वरच्या हवेवाचून चालत नाही. पाण्यावर एक गोल उमटतो, मोठा होतो, काठाला लागून मिटतो.

हे असले गोल मी उभ्या आयुष्यात कधी पाहिले नव्हते. नदी घरामागे आणि मी लग्न होऊन आले त्याला पन्नास वर्षं होऊन गेली, पण डोहाकडे मी धुणं घेऊन जायची आणि धुणं घेऊन यायची. गोल बघणारा आमचा बुढा होता.

बुढा म्हणते म्हणून कोणी नाक मुरडू नये. आमच्याकडे बाई नवऱ्याला मागे बुढाच म्हणते, समोर तुमी म्हणते, आणि नाव घेत नाही. तो तीस वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याला बुढा म्हणत आले. मग तो खरंच बुढा झाला. हाक तीच राहिली.

त्याला मासे धरायचा नाद होता आणि मी मासा खात नाही. माहेरीही खात नव्हते, सासरीही नाही. आमच्यासारख्या पुष्कळ घरांत अशी सोय असते: घरातली चूल बाईची, आणि मागच्या सपरात बाहेरची एक चूल, ती गड्यांची. मटण, मासे जे काय करायचं ते तिथे करायचं, भांडी वेगळी, ती भांडी घरात आणायची नाहीत. बुढ्याची बाहेरची चूल होती. दोन काळी पातेली, एक पळी, वर सपराचे पत्रे. मी त्या चुलीत एक काडी कधी सारली नाही. तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. घरात गॅस आला, पोराने पुढच्या खोल्या पक्क्या बांधल्या, पण सपर आणि ती चूल जशीच्या तशी राहिली.

तो मरळीच्या मागे असायचा. आमच्या घराला लागून शेवंता राहते, भोयाची. तिचं माहेरही नदीकाठचंच, आणि मासे विकायला ती मूर्तिजापूरच्या बाजारात बसायची. आता गुडघ्यांनी बसली आहे, तोंड मात्र चालू आहे. ती मला सांगायची, "बाकीचे मासे गांडुळावर येतेत वं. मरळीले फसवा लागते." मरळीपुढे खोटं काहीतरी चमकवायचं, पळवायचं. तिला वाटतं मासोळी पळाली, बेडूक पळाला, आणि ती झडप घालते.

खोटी मासोळी तो घरीच करायचा. ती कशाची करायचा हे मला लवकर कळलं नाही. लग्नात माझ्या बापाने स्टीलचे सहा चमचे दिले होते, प्रत्येकावर त्याचं नाव कोरलेलं. ते एकेक करून नाहीसे झाले. मी कित्येक वर्षं नणंदेवर संशय धरला. ती आली की जाताना तिच्या पिशवीकडे बघायची. मग एकदा तिने तोंडावर विचारलं, "काय वं वहिनी, झडती घेतं काय माही?" आणि बुढा ओट्यावर बसून मिशीतल्या मिशीत हसत होता. चमच्याची दांडी कापायची, उरलेल्या वाटीला भोक पाडायचं, गळ अडकवायचा. पाण्यातून ओढला की लोटपोट होत चमकतो. पाच चमचे डोहाने खाल्ले. माझ्या बापाचं नाव पूर्णेच्या तळाला पाच ठिकाणी पडलं आहे.

काठीही घरचीच. शेवंताच्या परसात बांबूचं बेट आहे. त्यातला बांबू तो माघाच्या अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायचा, चांदण्या पंधरवड्यात तोडलेल्याला घुण लागतो म्हणायचा. कोवळा नको, जून नको, पेरं जवळजवळ पाहिजेत. मग तो बांबू बाहेरच्या चुलीवर, पत्र्याखाली आडवा टांगायचा, आणि पोळ्यापर्यंत धुरात राहू द्यायचा. पोळ्याला खाली काढला की अंगणात उभा राहून हवेत फिरवायचा. सुंई आवाज आला पाहिजे. मी म्हणायची, "काय माशा मारून रायले?" तो म्हणायचा, "तुले नाई समजत." मला खरंच समजत नव्हतं आणि समजून घ्यायची गरजही वाटत नव्हती. घरात बाई मासा खात नाही तर माशाच्या काठीचं तिला काय?

त्याला लकवा आला त्याच्या आदल्या साली त्याची काठी भर हंगामात पेरावर चिरली. घरी घेऊन आला, दोन्ही तुकडे तिरडीच्या बांबूसारखे दाराशी टाकले आणि म्हणाला, "आता बस. झाले आपले मासे." मी म्हणाले, "बरं झालं. घराचा वास तरी जाईन." हे मी लिहून ठेवते, कारण नंतर त्याचा संबंध आहे.

गेल्या साली ज्येष्ठात तो लकवा आला. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आणला तेव्हा त्याच्याजवळ एकच शब्द शिल्लक होता. हाव. आमच्याकडे होकाराला हाव म्हणतात. चहा पाहिजे? हाव. नको? हाव. दुखते काय? हाव. बरं वाटते? हाव. डॉक्टरने समजावलं होतं की डोकं साबूत आहे, समजतं सगळं, फक्त तोंडातून दुसरं येत नाही. मी ऐकलं. पण दिवसातून पन्नास वेळा हाव ऐकलं की माणूस त्यातलं आपल्या सोयीचं हाव घेतो. मी घेतलं.

त्याची खाट मी सपरात टाकली होती, वाऱ्याला. तिथे पडल्या पडल्या तो डावा हात वर करायचा आणि पत्र्याकडे बोट दाखवायचा. आषाढ होता, पाऊस चालू होता. मी वर पाहिलं.

"पत्रा गळून रायला काय?"

"हाव."

गळतीचा डाग कुठे दिसत नव्हता. पण तो दाखवतच राहिला, चार दिवस, आठ दिवस. मी पत्रेवाल्याला बोलावलं. तो शिडी लावून वर चढला, आतून-बाहेरून पाहिलं आणि ओरडला, "काकू, वरतं लय सामान कोंबून ठेवलं हाये. तुराट्या, नळ्या, काठ्या. काढून टाकू काय?"

"राहू दे. तू पत्रा पाय."

खाली खाटेवर बुढा जोरात म्हणत होता, "हाव, हाव, हाव." मला वाटलं, काम होतंय म्हणून खूश आहे. पत्रेवाल्याने दोन खिळे ठोकले, डांबर लावलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी बुढ्याचं बोट परत वर. मी त्याला म्हणाले, "झाला ना दुरुस्त? आता काय नवं छप्पर घालू?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर त्याचं जेवण कमी झालं. घास तोंडात तसाच धरून बसायचा. महिन्याच्या तपासणीला डॉक्टर म्हणाला की औषधापेक्षा यांचं मन कशात तरी लागलं पाहिजे, नाहीतर हे असे विझत जातील. आणि डावा हात चालता ठेवा. मी पोराला फोन करून सांगितलं. तो अमरावतीला नोकरीवर, सून तिथेच, ते तरी काय करणार. पोळ्याच्या दिवशी मी बुढ्याला उठवून बसवलं तेव्हा त्याने डावा हात पुढे केला आणि मनगटाने वर झटका दिला. परत दिला. गळ टाकताना देतात तसा. एवढं मला कळलं. हा माणूस परत डोहावर जायला मागतो आहे. जो विझत चालला आहे त्याला उठवायला एवढी एकच गोष्ट आहे, आणि ती मला मिळवून द्यायची आहे. मी ठरवलं, काठी घ्यायची. बाजारातली, पक्की, भारी.

दोन दिवसांनी अकोल्याला गेलो. मूर्तिजापुरातून एसटीत त्याला चढवायला कंडक्टर खाली उतरला. जुन्या शहरात, मोर्णेच्या पलीकडे, एका गल्लीत दोरखंड, जाळी, शिसाच्या गोळ्या विकणारं दुकान आहे, तिथे हल्ली गळाच्या तयार काठ्याही मिळतात असं शेवंताने सांगितलं होतं.

दुकानदार बोलका होता. "काय पायजे मावशी? जाळं?"

"गळाची काठी. यायच्यासाठी."

त्याने बुढ्याच्या मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि चेहरा जागचा हलू दिला नाही. त्याबद्दल मी त्याला मानते. "कोनता मासा धरता, काका?"

"हाव," बुढा म्हणाला.

"मरळ," मी म्हणाले. "खोटं दाखवून धरतेत."

"मंग रबराचा बेडूक लागन." त्याने हिरवा बेडूक काढून काचेवर ठेवला. बुढ्याने तो डाव्या हाताने उचलला, पोट दाबून पाहिलं, गळाचं टोक नखावर घासून पाहिलं. महिनाभरात त्याने आपणहून हातात घेतलेली ही पहिलीच वस्तू. मला एकदम बरं वाटलं.

मग दुकानदाराने दोन काठ्या पुढे ठेवल्या. त्याला तो रॉड म्हणत होता. एक राखाडी, बारीक, बुचाच्या मुठीची. दुसरी काळी, जाड, बुडाला अंगठ्यापेक्षा जास्त. त्याने गल्ल्याखालून कापसाचा बोळा काढला आणि बारीक काठीवरच्या कड्यांमधून एकेक करून फिरवला. "पाय मावशी. कापूस अडकला तं समजाचं, कडं खरबडीत हाये. तिथं दोरा कापते."

"आण इकडं. कापूस मले नको शिकवू." मी स्वतः फिरवला. दोन्ही काठ्यांच्या सगळ्या कड्यांतून फिरवला. एक तंतू कुठे अडकला नाही. मला वाटलं, आपल्याला काठी पारखता येते.

मग मी माझी पारख केली. फावड्याचा दांडा, कुऱ्हाडीचा दांडा, बैल हाकायची तुतारी, आमच्या घरात सगळं मीच बघून घ्यायची. त्याची एकच रीत. बूड धरायचं, शेंडा जमिनीला टेकवायचा आणि अंगाचा भार टाकायचा. बारीक काठी धनुष्यासारखी झाली.

"ओ मावशी, ओ!" दुकानदार धावला.

"हा तं मोडते."

"मोडत नाई, वाकते."

"वाकते म्हंजे मोडाच्या आंधीचंच."

"अवो, यायले वाकनाराच लागते. शेंडा नरम पायजे, वजन कमी पायजे. डाव्या हातानं धरतीन ते." त्याने बारीक काठी बुढ्याच्या डाव्या हातात दिली, शेंडा दोन बोटांनी धरला आणि जरासा ओढला. बुढ्याच्या भुवया वर गेल्या. त्याने मुठीवरची बोटं सरकवली, नीट बसवली.

जाड काठीवर मी भार टाकला. ती उभीच राहिली. माणसाचं अर्धं अंग गेलेलं, हात थरथरणारा, काठी तरी मजबूत नको का? मी बुढ्याला विचारलं, "हा जाड घेऊ ना? पक्का हाये."

"हाव."

"पाय. हाव म्हनले."

"मावशी," दुकानदार म्हणाला, "काकाच्या मनानं घ्या."

"त्यायच्या मनानंच घेऊन रायली. तुह्यासमोर ईचारलं ना?"

बारीक काठी परत द्यायला मी बुढ्याच्या हातातून घेऊ लागले तर ती सुटेना. बोटं एकेक करून उघडावी लागली. लकव्यात बोटं आखडतात, मी मनात म्हणाले. लकवा उजव्या हाताला होता. हे मला तेव्हा सुचलं नाही.

त्या हंगामात आम्ही दिवसाआड डोहावर जात होतो. मी पुढे प्लास्टिकची खुर्ची घेऊन, काखेत काठी, तो मागे चारपायी काठीवर, एकेक पाऊल. घरापासून डोह हाकेच्या अंतरावर. आम्हाला चहाचं आधण उकळून आटेल एवढा वेळ लागायचा. खुर्ची काठावर रोवायची, त्याला बसवायचं, काळी काठी हातात द्यायची. तो झटका द्यायचा आणि बेडूक चार हातांवर, चिखलात पडायचा. मी दोरा गुंडाळून द्यायची. परत झटका. पाचव्या-सहाव्या वेळेला काठीचा शेंडाच पाण्यात पडायचा. हात खाली यायचा. मान खाली यायची. मग तो मागे वळून घराकडे बोट दाखवायचा.

"घरी जाचं?"

"हाव."

आणि आम्ही घरी यायचो. सपरात आलो की तो वर पत्र्याकडे बघायचा. मी जेवण वाढायला निघून जायची.

एकदा मासा लागला. मी बसले होते तिथूनही पाठ दिसली, काळी, मनगटाएवढी. दोरा ताठ झाला, बुढ्याने काठी उचलली आणि फट्कन सगळं सैल पडलं. काठी वाकत नव्हती. गळ मरळीच्या तोंडातून फाडून बाहेर आला. बेडकाला एक पाय कमी झाला होता. बुढा हसला. खरंच हसला, एका बाजूने. मी म्हणाले, "हसता काय? हातचा गेला." तेव्हा मी त्याच्याबरोबर हसायला पाहिजे होतं. एवढंसं काम होतं.

मग घटस्थापनेच्या आदल्या दिवसाची गोष्ट. ऊन स्वच्छ होतं. डोहात आमच्यापासून तीन हातांवर पाणी हललं आणि वर एक लालसर डाग आला, सुपाएवढा, बुडबुडणारा. त्याच्याखाली मरळ. मोठी. मीसुद्धा बघू शकत होते एवढी वर. बुढ्याने काठी उचलली होती, बेडूक शेंड्याला लोंबत होता. पुढे सोडला असता तरी तिच्या तोंडावर पडला असता.

"टाका," मी म्हणाले.

त्याने टाकला नाही.

"अवो टाका ना! समोर हाये!"

त्याने काठी बाजूला घेतली. शेंडा बेशरमीच्या झुडपात टेकवला आणि पाण्याकडे बघत बसला. महिनाभर मी त्या माणसाला उचलून, ओढून, खुर्ची वाहून, दोरा गुंडाळून तिथे आणत होते. माझी कंबर दुखत होती. आणि समोर आलेला मासा तो धरत नव्हता.

मी म्हणाले, "तुमच्यानं आता होत नाई. उगाच तुमालेबी तरास अन् मलेबी. सोडा हे."

तो माझ्याकडे वळला. म्हणाला, "हाव."

दुसऱ्या दिवसापासून त्याला उठवायला गेले की अंग सोडून द्यायचा. डोहावर परत गेला नाही. पत्र्याकडे बोट दाखवणंही बंद झालं. मला वाटलं, चला, एक खूळ गेलं. दसरा झाला, कापूस वेचायला आला, दिवाळी झाली. पुसाच्या थंडीत तो गेला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सकाळी चहा घेऊन गेले तर घेतला नाही.

लोक रडले, मी फारशी रडले नाही. माझ्या स्वभावात ते कमी आहे. दिवस झाले, पोरगा-सून अमरावतीला परतले. काळी काठी सपराच्या कोपऱ्यात उभी होती. उन्हाळ्यात मी तिने शेवग्याच्या शेंगा पाडल्या. त्या कामाला ती फार चांगली आहे.

यंदा महालक्ष्म्यांच्या आधी सून चार दिवस लवकर आली. सपर मोकळं करू, तिथे धुण्याचं मशीन बसवू, असं तिच्या मनात होतं. ती शिडीवर चढली आणि वरून एकेक गोष्ट खाली देऊ लागली. तुराट्या. ठिबकच्या जुन्या नळ्या. मोडकी टोपली.

"आई, हे काय वो? धोतरात गुंडाळलं हाये. लांब हाये."

धोतर बुढ्याचं होतं, धुराने काळं झालेलं. चुलीच्या बरोबर वर, पत्र्याला चिकटून, सुतळीने बांधलेलं होतं ते. मी ओट्यावर बसून सोडलं. आत बांबू. साफ केलेला, पेरं घासलेली, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. शेंड्याला दोरा बांधलेला आणि दोऱ्याला सहावा चमचा. माझ्या बापाचं नाव त्यावर निम्मं शिल्लक होतं.

मी काठी उचलली. उचलली म्हणायलाही काही नव्हतं. हातात काही आहे असं वाटत नव्हतं.

शेवंता कुंपणाजवळ उभी राहून बघत होती. "सापडली काय शेवटी?" ती म्हणाली. "मीच देला होता तो बांबू. माघात आला होता मांगाले."

"माघात? म्हंजे लकव्याच्या आंधी?"

"तवाच. तुले सांगू नको म्हने."

"काहून?"

"तू बोलशीन म्हने. पोळ्याले एकदमच काढीन म्हने."

ती आत आली, माझ्याजवळ बसली आणि काठी हातात घेऊन शेंडा हलवला. मग कोपऱ्यातली काळी काठी दिसली तशी ती हसली. "अन् हा काय? ढोरं हाकाले आनला काय?"

"मरळीसाठी."

"याच्यानं? डाव्या हातानं?" तिचं हसू थांबलं. "अवं बाई."

मी तिला त्या लाल डागाचं विचारलं. का विचारलं ते माहीत नाही. वर्षभर ते डोक्यात होतं. समोर मरळ आली आणि त्याने गळ टाकला नाही, हे सांगितलं.

"लाल होतं ना पानी? पिलं होती ते. बारीक, लाल, एका जागी गोळा. माय-बाप दोघंबी खालतं राखन करत रायतेत. पिलावरची मरळ कोनी धरत नाई वं. धरली तं पिलं दुसरे मासे खाऊन टाकतेत." तिने बांबू माझ्या मांडीवर ठेवला. "त्याले समजत होतं सारं."

हो. त्याला सारं समजत होतं.

सून मशीनची जागा मोजत होती. मी बांबू पुसायला घेतला तर मधल्या पेराजवळ बोटाला पिवळा भुगा लागला. घुण. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला, पण ज्येष्ठापासून त्या चुलीत कोणी जाळ केला नव्हता. धूर थांबला आणि घुणाला वाट मिळाली.

सून अमरावतीला गेल्यावर मी दोन्ही काठ्या घेऊन डोहावर गेले. खुर्ची नेली. उजवा हात मांडीखाली दाबून बसले आणि आधी काळी काठी डाव्या हाताने उचलली. माझे दोन्ही हात धड आहेत, मी आजही घागर उचलते. सातव्या खेपेला शेंडा पाण्यात पडला. मग बांबू घेतला. चमचा पाण्यात सोडला आणि हळूहळू काठाने ओढत राहिले. ऊन उतरलं तरी हात दुखला नाही. चमचा गवताला घासला की मुठीत कळत होतं. दगडाला लागला की वेगळं कळत होतं. एकदा काहीतरी येऊन नुसतं शिवून गेलं, लेकराने पदर ओढून सोडावा तसं. मासा लागला नाही. मला नकोच होता.

मी त्याला त्या सहा-सात महिन्यांत किती गोष्टी विचारल्या. पत्रा गळतो काय, भूक लागली काय, घरी जायचं काय, जाड काठी घेऊ काय. सगळ्यांना हाव. त्याच्याजवळ दुसरं नाणंच नव्हतं. म्हणजे बरोबर प्रश्न विचारणं हे माझं काम होतं. वर तुमची काठी आहे काय, एवढं विचारायचं होतं. मला ती चूल माहीत होती, धूर माहीत होता, पन्नास वर्षं बांबू कुठे टांगतात ते माहीत होतं. त्याचं बोट नेमकं तिथेच होतं. मी पत्रा पाहिला.

मशीन मी पुढच्या न्हाणीत बसवायला लावलं. सपर तसंच ठेवलं आहे. बांबूच्या त्या पेराला शेवंताने सांगितलं तसं कडुनिंबाचं तेल चोळलं, परत धोतरात गुंडाळला आणि होता तिथेच बांधून टाकला.

रोज सकाळी बाहेरच्या चुलीत मी जाळ करते. अंघोळीचं पाणी तिथे तापवते, त्याच्याच काळ्या पातेल्यात. शेवंता कुंपणावरून म्हणते, "काय वं, गॅस सरला काय?"

मी म्हणते, "हाव."

ओली तुराटी लावली की धूर चांगला होतो. डोळ्यांत जातो, पण वर पत्र्यापर्यंत पोचतो.